पक्की बसलेली वाटी : खुब्याच्या कृत्रिम सांध्याच्या पुनर्शस्त्रक्रियेचा ऐतिहासिक अभ्यास

बीजशब्द : खुबा, कृत्रिम सांधा, पुनर्शस्त्रक्रिया, वाटी, अस्थिहानी, एएसआर प्रकरण, अन्न व औषध प्रशासन, नोंदवही.

१. प्रस्तावना

मानवी शरीरातील खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा होय. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा गोळा कमरेच्या हाडातील खोलगट उखळीत फिरतो आणि त्यामुळे चालणे, वाकणे, उकिडवे बसणे शक्य होते. क्षय, संधिवात, अपघात किंवा गोळ्याचा रक्तपुरवठा खंडित होणे यांमुळे हा सांधा झिजला की तो बदलण्याची शस्त्रक्रिया केली जाते. तीत मांडीच्या हाडात धातूचा दांडा व गोळा आणि उखळीत कृत्रिम वाटी बसविली जाते. विसाव्या शतकातील वैद्यकाच्या मोठ्या यशांमध्ये या शस्त्रक्रियेची गणना होते.

या यशाचा इतिहास बहुधा ‘सांधा कसा बसविला गेला’ याचाच सांगितला जातो. बसविलेला सांधा काढावा लागला तर काय होते, याचा इतिहास मात्र शल्यचिकित्सकांच्या नियतकालिकांपुरताच मर्यादित राहिला आहे. वस्तुतः वाटी हाडात कायमची पक्की बसावी यासाठी शास्त्रज्ञांनी अनेक दशके परिश्रम केले आणि ते परिश्रम सफल झाले तेव्हाच ती वाटी काढणे हा नवा प्रश्न उभा राहिला. २०१० नंतर या प्रश्नाला भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, न्यायाचा आणि शासनव्यवहाराचाही पैलू प्राप्त झाला. म्हणूनच हा विषय केवळ वैद्यकाचा न राहता इतिहासाच्या व समाजशास्त्राच्या अभ्यासकांनीही लक्ष द्यावे असा झाला आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

१) खुब्याची कृत्रिम वाटी हाडात पक्की बसविण्याच्या प्रयत्नांचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२) पक्की बसलेली वाटी काढण्याच्या पद्धतींत झालेला बदल समजून घेणे.
३) एएसआर प्रकरणाच्या संदर्भात महाराष्ट्रातील व भारतातील रुग्णांच्या स्थितीचा विचार करणे.

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित वैद्यकीय लेखन, शासकीय समितीचा अहवाल आणि समकालीन वृत्ते या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

३. पक्केपणाचा शोध

कृत्रिम सांध्याचे आरंभीचे प्रयत्न जर्मनीत झाले. बर्लिनचे थेमिस्टोक्लस ग्लुक यांनी १८९०-९१ च्या सुमारास हस्तिदंताचे सांधे बनविले. परंतु क्षयाने पोखरलेल्या हाडांत ते टिकले नाहीत. १९२३ मध्ये बोस्टन येथील मारियस स्मिथ-पीटरसन यांनी झिजलेल्या गोळ्यावर काचेची टोपी बसवून पाहिली. काच शरीराच्या भाराखाली फुटे. १९३८ मध्ये त्यांनी कोबाल्ट व क्रोमियमच्या मिश्रधातूची टोपी वापरली आणि धातू शरीरात सुखाने नांदू शकतो हे दाखवून दिले. त्याच वर्षी लंडनमध्ये फिलिप वाइल्स यांनी गोळा व वाटी हे दोन्ही भाग पोलादाचे बसविले. ही वाटी स्क्रूने हाडाला जखडलेली होती आणि ती सैल होई. म्हणजे आरंभापासून शल्यचिकित्सकांपुढील मुख्य अडचण वाटी निसटण्याची होती. ती काढावी कशी, हा प्रश्न अद्याप उद्भवलाच नव्हता.

या अडचणीवर पहिला टिकाऊ उपाय इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी शोधला. दंतवैद्यकात वापरले जाणारे ॲक्रिलिक सिमेंट त्यांनी १९५८ पासून खुब्यासाठी वापरले. हे सिमेंट डिंकाप्रमाणे चिकटत नाही. हाडाच्या बारीक छिद्रांत शिरून ते गवंडीकामातील दर्जबंदीप्रमाणे पोकळी भरून काढते, असे ते सांगत. चार्नली यांची पहिली वाटी टेफ्लॉनची होती. ती काही वर्षांतच झिजली, तिच्या कणांमुळे भोवतालच्या ऊतींत तीव्र प्रतिक्रिया उमटली आणि शेकडो रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली. या पुनर्शस्त्रक्रियांपैकी बऱ्याच त्यांनी स्वतः केल्या. नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी अधिक टिकाऊ अशा पॉलिएथिलीनची वाटी वापरण्यास प्रारंभ केला. दोन्ही पदार्थांचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन त्यांनी परिणामही पाहिला.

चार्नली यांची आणखी एक कृती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मृत्यूनंतर सांधा काढून तपासता यावा यासाठी त्यांनी आपल्या रुग्णांची संमती मागितली आणि पुष्कळ रुग्णांनी ती दिली. शरीरातून बाहेर आलेला सांधा हा पुरावा असतो, तो जपला पाहिजे, ही दृष्टी येथून रूढ झाली.

४. सिमेंटविना जडलेली वाटी

१९७० च्या दशकाच्या अखेरीस, तरुण रुग्णांत सिमेंटने बसविलेल्या वाट्या सैल होतात आणि भोवतालचे हाड विरघळते, असे दिसू लागले. त्याचा दोष प्रथम सिमेंटला देण्यात आला; १९८७ मध्ये ‘सिमेंटचा रोग’ अशी संज्ञाही प्रचारात आली. पुढे, हाड विरघळण्यामागे पॉलिएथिलीनचे झिजलेले सूक्ष्म कण हेही प्रमुख कारण आहे, हे स्पष्ट झाले. तोपर्यंत सिमेंटशिवाय सांधा बसविण्याची दिशा निश्चित झाली होती.

या दिशेचे मूळ स्वीडनमध्ये आहे. पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशांवरील प्रयोगांत टायटॅनियम हाडाशी एकजीव झालेले आढळले होते. या तत्त्वाचा विस्तार होऊन १९८० च्या दशकात सच्छिद्र पाठीच्या धातूच्या वाट्या आल्या. पाठीवर बारीक मणी वा तारांची जाळी बसविलेली असे. हाड त्या छिद्रांत वाढे. काही वाट्यांवर हाडातील खनिजाशी साधर्म्य असलेल्या हायड्रॉक्सीॲपेटाइटचा लेप देण्यात आला. उखळी किंचित लहान कोरून वाटी दाबून बसवावयाची आणि पुढील काम हाडावर सोपवावयाचे, अशी ही पद्धत होती. वाटीच्या आत पॉलिएथिलीनचे सुटे अस्तर असल्यामुळे ते झिजल्यास फक्त अस्तर बदलता येईल, ही त्यामागील दूरदृष्टी होती.

ही पद्धत यशस्वी झाली. मात्र सिमेंटच्या वाटीत सिमेंट आणि हाड यांच्यामध्ये निदान एक सीमारेषा असते. छिन्नीने ती उकलता येते. हाड ज्या वाटीत शिरून वाढले आहे, तिच्या बाबतीत ही रेषाच पुसली जाते. वाटी ओढली तर हाडही तिच्याबरोबर येते.

५. पक्की वाटी का काढावी लागते?

जी वाटी हलत नाही, ती काढावीच का, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याची प्रमुख कारणे अशी आहेत. पहिले कारण जंतुसंसर्ग. जंतू धातूवर चिकट थर करून राहतात आणि तेथे औषध पुरेसे पोहोचत नाही. म्हणून पक्की वाटीही काढावी लागते. दुसरे कारण चुकीचा कोन. वाटी तिरपी बसली असेल तर गोळा वारंवार निखळतो. तिसरे कारण अस्तर अडकविण्याची खाच मोडणे किंवा त्या बनावटीचे अस्तर बाजारात न मिळणे. चौथे कारण धातूवर धातू घासून निघालेल्या कणांमुळे भोवतालच्या स्नायूंची व ऊतींची हानी होणे. या सर्व प्रसंगी वाटी हाडात घट्ट असते, पण सांधा निकामी झालेला असतो.

अर्थात प्रत्येक वेळी वाटी काढणे अपरिहार्य नसते. संसर्ग नसेल आणि कोन योग्य असेल, तर जुन्या वाटीतच सिमेंटने नवे अस्तर बसविण्याचा मार्ग उपलब्ध आहे. वाटी ठेवावी की काढावी, हा निर्णय म्हणजे हाड वाचविणे आणि सांधा सुधारणे यांतील तोल होय.

६. काढण्याच्या तंत्राचा विकास

आरंभी पक्की वाटी काढण्याची साधने जवळजवळ सुतारकामाची होती. वाटीच्या कडेभोवती वक्र छिन्न्या हातोडीने ठोकून हाड आणि धातू विलग करीत. छिन्नीचा बाक वाटीच्या बाकाशी तंतोतंत जुळत नसे. त्यामुळे ती कधी धातूवर अडे, तर कधी हाडात खोल शिरे. वाटीबरोबर हाडाचे मोठे तुकडे निघून येत. क्वचित उखळीची भिंत फुटे आणि कमरेच्या हाडाचे वरचा व खालचा असे दोन भाग अलग होत. दुसरी पद्धत वाटीचे तुकडे करून ते काढण्याची होती. वेगाने फिरणाऱ्या कर्तकाने धातू कापताना त्याचा कीस जखमेत पसरे आणि वेळही फार लागे. वाटी ओटीपोटाच्या आत सरकलेली असेल तर तिच्यामागून जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना धोका असे. अशा वेळी पोटाच्या बाजूने स्वतंत्र छेद घेऊन त्या आधी सुरक्षित कराव्या लागत.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी ‘एक्स्प्लांट’ हे उपकरण प्रचारात आले. त्यामागील भूमिती साधी आहे. वाटीची आतील आणि बाहेरील गोलाई एकाच केंद्राभोवती असते. आतल्या पोकळीत नेमक्या मापाचा गोळा बसविला आणि त्याला वाटीच्या बाहेरील व्यासाइतके वक्र, पातळ पाते जोडले, तर ते पाते केंद्राभोवती फिरत वाटीच्या पाठीलगतच कापत जाते. आधी स्क्रू असल्यास काढावयाचे. मग आखूड पात्याने कडेभोवतीचे हाड मोकळे करावयाचे. नंतर लांब पात्याने तळापर्यंत जावयाचे, असा क्रम असतो. २००३ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथील शल्यचिकित्सकांनी ब्रिटिश अस्थिशल्य नियतकालिकात या पद्धतीचा अनुभव प्रसिद्ध केला आणि फारशी अस्थिहानी न होता पक्की वाटी निघू शकते हे मांडले. काढलेल्या वाटीपेक्षा थोड्याच मोठ्या मापाची नवी वाटी बसविता येणे, ही यशाची कसोटी ठरली.

तथापि या उपकरणालाही मर्यादा आहेत. आतील व बाहेरील गोलाईचे केंद्र भिन्न असेल, वाटीच्या पाठीवर पंख वा खुंट्या असतील किंवा वाटी पूर्ण अर्धगोलाकार नसेल, तर पाते अपेक्षित मार्ग सोडते. हाड आधीच पातळ झालेले असेल तर जपून केलेले कापणेही महाग पडते. अशा वेळी गमावलेल्या हाडाच्या जागी अस्थिरोपण, मोठ्या मापाची वाटी किंवा टँटॅलमसारख्या सच्छिद्र धातूचे भाग वापरावे लागतात. प्रत्येक पुनर्शस्त्रक्रिया अशा रीतीने पुढील पुनर्शस्त्रक्रियेसाठी कमी हाड शिल्लक ठेवते.

७. महाराष्ट्रातील वाटचाल आणि एएसआर प्रकरण

भारतात या शस्त्रक्रियेचा पाया घालणाऱ्यांमध्ये मुंबईचे डॉ. के. टी. ढोलकिया यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ‘सांधा बदलणे’ हा शब्दप्रयोग घराघरांत पोहोचला. ती शस्त्रक्रिया गुडघ्याची असली, तरी कृत्रिम सांध्याविषयीची भीती कमी होण्यास तिचा हातभार लागला.

आपल्याकडील रुग्णाची गरज पाश्चात्त्य रुग्णापेक्षा काहीशी वेगळी आहे. पाश्चात्त्य देशांत खुबा बदलणारा रुग्ण बहुधा वृद्ध असतो. आपल्याकडे गोळ्याचा रक्तपुरवठा खंडित झाल्याने तरुण व कमावत्या वयातील रुग्णही मोठ्या संख्येने येतात. जेवणासाठी मांडी घालणे, शेतात उकिडवे बसणे, भारतीय पद्धतीचे शौचालय वापरणे हे त्यांच्या दैनंदिन जीवनाचे भाग आहेत. मोठ्या गोळ्याचा, धातूवर धातू फिरणारा सांधा सहजासहजी निखळत नाही आणि अधिक हालचाल देतो, असे सांगितले जात असे. तरुण रुग्णाला हे आकर्षक वाटणे स्वाभाविक होते.

जॉन्सन अँड जॉन्सन उद्योगसमूहातील डेप्यू या कंपनीचा एएसआर हा सांधा याच प्रकारचा होता. त्याची वाटी कोबाल्ट-क्रोमियमची, एकसंध, सुट्या अस्तराविना आणि अर्धगोलापेक्षा कमी खोल होती. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ही रचनाच निर्णायक ठरली. सांध्यातून धातूचे कण निघू लागल्यावर केवळ अस्तर बदलण्याचा मार्ग येथे उपलब्धच नव्हता. काही रुग्णांच्या वाट्या हाडात जडल्याच नाहीत. त्या सहज निघाल्या. ज्यांच्या वाट्या पक्क्या जडल्या होत्या, त्यांच्या बाबतीत मात्र निरोगी हाडातून धातू कापून काढावा लागला. ज्या रुग्णाच्या हाडाने आपले काम चोख बजावले, त्यालाच ती वाटी काढताना हाड गमावण्याची भीती अधिक होती.

कालक्रम पुढीलप्रमाणे आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये केंद्र शासनाने अस्थिरोपणांसह काही वैद्यकीय उपकरणांना ‘औषध’ या व्याख्येखाली आणले. २००६ मध्ये एएसआरला आयातीचा परवाना मिळाला. ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय सांधे नोंदवहीतील आकडेवारीमुळे हा सांधा डिसेंबर २००९ मध्ये बाजारातून मागे घेतला गेला. इंग्लंड व वेल्सच्या नोंदवहीत पाच वर्षांत सुमारे १२ ते १३ टक्के रुग्णांना पुनर्शस्त्रक्रिया लागल्याचे दिसून आले आणि ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून मागे घेतला. तोपर्यंत जगात सुमारे ९३,००० रुग्णांना तो बसविण्यात आला होता. भारतातील शस्त्रक्रियांची संख्या सुमारे ४,७०० होती.

भारतात या प्रकरणी प्रथम ठोस पाऊल उचलणाऱ्यांमध्ये महाराष्ट्राचे अन्न व औषध प्रशासन होते. महेश झगडे आयुक्त असताना प्रशासनाने तक्रारीची चौकशी केली आणि मुंबईत गुन्हा नोंदविला गेला. २०१२ मध्ये आयात परवाना रद्द झाला. केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेने सर्वसाधारण इशारा मात्र २०१३ मध्ये दिला. म्हणजे जागतिक माघारीनंतर सुमारे तीन वर्षे गेली. फेब्रुवारी २०१७ मध्ये डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय तज्ज्ञ समिती नेमण्यात आली आणि २०१८ मध्ये तिचा अहवाल आला. समितीने प्रत्येक बाधित रुग्णास किमान २० लाख रुपये भरपाईची आणि ऑगस्ट २०२५ पर्यंत पुनर्शस्त्रक्रियेचा खर्च देण्याची शिफारस केली. वैद्यकीय उपकरणामुळे झालेल्या अशा हानीसाठी प्रचलित कायद्यात भरपाईची स्पष्ट तरतूद नसल्याकडेही तिने लक्ष वेधले. नोव्हेंबर २०१८ मध्ये वय व अपंगत्व यांवर आधारित, ३० लाखांपासून १ कोटी २३ लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचे सूत्र जाहीर झाले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यासंबंधीची याचिका निकाली काढली. कंपनीने सूत्रास दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. मे २०१९ मध्ये तिने पडताळणी झालेल्या ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख रुपये देण्याची तयारी दर्शविली.

८. नोंदीचा प्रश्न

समितीच्या अहवालातील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब भरपाईची नसून नोंदीची आहे. सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांपैकी जेमतेम एक हजारावर रुग्णांचा मदतकेंद्राकडे माग लागला. सुमारे ३,६०० रुग्ण सापडले नाहीत. रक्तातील कोबाल्ट व क्रोमियमचे प्रमाण वेळीच तपासले तर ऊतींची व हाडाची हानी वाढण्यापूर्वी निर्णय घेता येतो. परंतु आपल्या खुब्यात कोणत्या बनावटीचा सांधा आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला ही तपासणी कोण सुचविणार?

येथे दोन समाजव्यवस्थांतील भेद स्पष्ट होतो. स्वीडनने १९७९ मध्ये खुब्याच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. ऑस्ट्रेलियात ती १९९९ मध्ये आणि इंग्लंड व वेल्समध्ये २००३ मध्ये आली. सदोष सांधा ओळखला गेला तो या नोंदवह्यांमुळेच. भारतात सांधेरोपण शल्यचिकित्सकांच्या संघटनेची नोंदवही ऐच्छिक स्वरूपाची आहे. २०१५ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १ जानेवारी २०१८ पासून वैद्यकीय उपकरण नियम लागू झाले. ही पावले स्वागतार्ह आहेत. तथापि रुग्णाच्या नावाशी सांध्याचा क्रमांक आयुष्यभर जोडलेला ठेवणे, ही गोष्ट त्यांतून आपोआप साध्य होत नाही.

बिद्रीसारख्या गावाच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. दूधगंगा-वेदगंगेच्या खोऱ्यातील ऊस उत्पादक किंवा साखर कारखान्यातील कामगार मोठ्या शस्त्रक्रियेसाठी कोल्हापूर, मिरज, पुणे वा मुंबई गाठतो. त्याचे कागद त्या शहरात राहतात आणि सांधा त्याच्याबरोबर गावी येतो. दहा-पंधरा वर्षांनी दुखणे उद्भवले तर तो बहुधा निराळ्या डॉक्टरांपुढे बसलेला असतो. वाटीची बनावट व माप ठाऊक असेल तर नेमक्या मापाचा गोळा आणि पाते आधीच मागविता येते. ठाऊक नसेल तर शल्यचिकित्सकाला शस्त्रक्रियागृहातच अंदाज बांधावा लागतो आणि त्या अंदाजाची किंमत रुग्णाचे हाड मोजते.

९. निष्कर्ष

१) कृत्रिम वाटीचा इतिहास हा दीर्घकाळ पक्केपणाच्या शोधाचा इतिहास होता. तो शोध सफल झाल्यावरच काढण्याचे शास्त्र स्वतंत्रपणे विकसित झाले.
२) वक्र छिन्नीपासून केंद्राभोवती फिरणाऱ्या पात्यापर्यंतचा विकास हा प्रामुख्याने हाड वाचविण्याचा विकास होय. वाटी निघाली एवढ्यावर यश मोजता येत नाही. किती हाड उरले यावर ते मोजावे लागते.
३) एएसआर प्रकरणात सांध्याच्या एकसंध रचनेमुळे दुरुस्तीचा सौम्य मार्ग बंद झाला. भरपाईच्या सूत्रात वय व अपंगत्व यांचा विचार झाला. परंतु पुढील शस्त्रक्रियेसाठी उरलेल्या हाडाचा विचार स्वतंत्रपणे होणे आवश्यक आहे.
४) राज्य पातळीवरील प्रशासन सजग असेल तर केंद्रीय यंत्रणेच्या आधीही कारवाई होऊ शकते, हे महाराष्ट्राच्या उदाहरणावरून दिसून येते.
५) सांधेरोपणाची सक्तीची व रुग्णनिहाय नोंदवही ही काळाची गरज आहे.

प्रत्येक कृत्रिम सांध्याच्या वेष्टनात त्याचा क्रमांक व माप छापलेल्या चिकटपट्ट्या असतात आणि त्या रुग्णालयाच्या कागदांवर लावल्या जातात. त्यांतील एक पट्टी रुग्णाच्या हाती देणे आणि तिचे महत्त्व त्याला मराठीत समजावून सांगणे यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्याकडील शेतकरी जमिनीचा सातबारा पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवतो. शरीरात बसविलेल्या वाटीचा कागदही त्याच निगुतीने जपला गेला, तर ती वाटी काढण्याची वेळ आलीच तर निदान काय काढावयाचे आहे हे काढणाऱ्याला आधी कळेल.